आमिश मंडळ्यांच्या बिशपांना खुले पत्र : माझ्या सुनेचा निरोप तिच्या जन्मदात्रीपर्यंत पोहोचू द्या

प्रति,
ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि इंडियाना या राज्यांतील ओल्ड ऑर्डर आमिश मंडळ्यांचे बिशप, उपदेशक व डीकन

महोदय,

सादर नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन ओहायोत आले, संसार इथेच झाला आणि नोकरीची बहुतेक वर्षे एका सार्वजनिक ग्रंथालयात गेली. माझी सून १९८० च्या दशकात आपल्या, म्हणजे जुन्या साध्या रीतीने राहणाऱ्या या ख्रिस्ती पंथाच्या, एका मंडळीतील अविवाहित मुलीच्या पोटी जन्मली आणि काही दिवसांतच समाजाबाहेर दत्तक दिली गेली. तिचे नाव, तिच्या जन्मदात्रीचे नाव आणि तो परगणा या तिन्ही गोष्टी मी या पत्रात मुद्दाम लिहिलेल्या नाहीत. त्याचे कारण पुढे येईलच. सुनेने आपल्या जन्मदात्रीला एक पत्र लिहिले आहे. ते बंद पाकीट त्या बाईंच्या हातात एकान्तात द्यावे आणि उत्तर द्यायचे की नाही हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे, एवढीच आमची मागणी आहे. बाकीचे सारे पत्र हे त्या मागणीचे स्पष्टीकरण समजावे.

ज्या मोजक्या बिशपांशी या प्रकरणाचा संबंध आहे असे आम्हांला वाटते, त्यांना याच आशयाचे इंग्रजी पत्र टपालाने जात आहे आणि त्यासोबत नाव वेगळ्या कागदावर आहे. मग हे मराठीत आणि सर्वांसमक्ष कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर माझ्याच लोकांकडे बोट दाखवते. न्यू जर्सीत राहणारी मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या पाहुण्यांना उन्हाळ्यात हौसेने पेनसिल्व्हेनियातील आपल्या वस्तीच्या लँकेस्टर परगण्यात घेऊन जातात, बग्गीतून फेरी मारतात, मुरांब्याच्या बाटल्या विकत घेतात, आपणांस आवडत नाही हे ठाऊक असूनही छायाचित्रे काढतात, आणि ‘किती साधी, किती सुखी माणसे’ असे म्हणत परततात. ते म्हणणे खोटे नाही; पण त्या साधेपणाची किंमत कोणी कोणी मोजली, हे त्यांच्या कानावर कधी पडत नाही. माझ्या आप्तांपैकी निम्म्यांना तर आमच्या सुनेचा आमिशांशी काही संबंध आहे हे कोणत्या तरी सहलीची गोष्ट वाटते. त्यांनाही हे वाचू द्यावे, असे सुनेने स्वतःच सुचवले.

आपल्या पंथाला पोप नाही, मुख्यालय नाही, साधे मध्यवर्ती कार्यालयही नाही, याची मला कल्पना आहे. वीस ते चाळीस कुटुंबांची एकेक मंडळी, तिचा स्वतःचा ऑर्डनुंग म्हणजे आचारनियम, आणि तो सांभाळणारे आपण. हे पद आपणांपैकी कोणी मागून घेतलेले नाही. स्तोत्रांच्या सारख्या दिसणाऱ्या पुस्तकांपैकी एकात चिठ्ठी ठेवलेली असते, ते पुस्तक ज्याच्या हाती येते त्याच्यावर जन्मभराची जबाबदारी पडते, आणि तीही बिनपगारी. त्यामुळे मी आपणांस सत्ताधारी समजून जाब विचारत नाही. पण या एका बाबतीत किल्ली आपल्याच हाती आहे, म्हणून पत्र आपणांसच लिहावे लागते.

कागदपत्रांचा इतिहास थोडक्यात सांगते. ओहायोत १ जानेवारी १९६४ ते १८ सप्टेंबर १९९६ या काळात दत्तक गेलेल्या व्यक्तींचे मूळ जन्मदाखले मोहोरबंद होते. २० मार्च २०१५ रोजी ते त्या त्या व्यक्तींना खुले झाले. असे सुमारे चार लाख लोक होते. त्याआधीचे वर्षभर जन्मदात्या पालकांना दाखल्यावरील आपले नाव काढून टाकण्याचा अर्ज करण्याची मुभा होती. पेनसिल्व्हेनियात असा कायदा नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि इंडियानात जुलै २०१८ मध्ये अमलात आला. आपल्या समाजाची लोकसंख्या आता चार लाखांच्या वर आहे आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक माणसे याच तीन राज्यांत आहेत. तेव्हा माझ्या सुनेसारखे पत्र आपल्यापैकी आणखी कोणाच्या दारी आले असेल किंवा येणार असेल, तर त्यात नवल नाही.

सुनेने अर्ज केला आणि पाकीट आले. त्यात जन्मदात्रीचे पूर्ण नाव होते, वय एकोणीस होते, गाव होते. वडिलांचा रकाना कोरा होता. बाईंनी नाव काढून टाकण्याचा अर्ज केला नव्हता, याचा अर्थ त्यांची संमती आहे असे काही हितचिंतकांनी आम्हांला समजावले. मला ते पटले नाही, आजही पटत नाही. त्या वर्षभराच्या मुदतीची बातमी दूरचित्रवाणीवर आणि इंटरनेटवर फिरली. ज्या घरात यांपैकी काहीच नाही त्या घरातल्या बाईला ती कळली असेलच असे कोणी सांगावे? म्हणून आम्ही त्यांची संमती गृहीत धरत नाही. ती विचारायला आलो आहोत.

नाव हाती आले म्हणजे माणूस सापडले, असा आमचा समज पहिल्या आठवड्यातच मावळला. मिलर, योडर, ट्रॉयर, हर्शबर्गर अशी चार-पाच आडनावे हजारो घरांत, आणि बायबलमधली तीच ती पहिली नावे. आपण स्वतःही एकाच नावाच्या चार माणसांना बापाच्या नावावरून, धंद्यावरून किंवा एखाद्या खोडीवरून पडलेल्या टोपणनावानेच ओळखता. मी ग्रंथालयात उभा जन्म काढलेली बाई, त्यामुळे त्या भागातील आमिश कुटुंबांची छापील सूची मिळवून पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली. नवऱ्याचे नाव, जन्मतारीख, बायकोचे माहेरचे नाव, दोघांचे आईवडील, धंदा, मुले, मुलांची लग्ने, जावई, सुना. इतकी चोख नोंद आमच्याकडे पंढरपूरच्या बडव्यांच्या किंवा नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांतही क्वचितच सापडेल. आपल्या वंशावळींच्या ग्रंथांत तर दोन दिवस जगलेल्या बाळालाही स्वतःची ओळ असते, आणि ते मला फार मोठे वाटले. पण जे बाळ जगले, वाढले, शिकले आणि आज स्वतः आई आहे, त्याला त्यांतल्या कोणत्याही पानावर ओळ नाही.

सूचीतून त्या नावाच्या आणि त्या वयाच्या तीन विवाहित बाया निघाल्या. चाचणी करून तिघींतली कोण हे ठरवता येईल, असे कोणाला वाटेल. सुनेने जनुकीय चाचणी केली. एरवी अशा चाचणीत एकाच आईची पण वेगळ्या वडिलांची भावंडे सुमारे पंचवीस टक्के जुळतात, सख्खी चुलत किंवा मावस भावंडे सुमारे साडेबारा टक्के, त्यापुढचे चुलत तीन टक्क्यांच्या आसपास, आणि त्यावरून नाते उलगडत जाते. आपल्याकडे ही गणिते फसतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत अटलांटिक ओलांडून आलेली मोजकी कुटुंबे, नंतर बाहेरून जवळजवळ कोणी आले नाही, आणि सख्ख्या चुलत-मामे भावंडांची लग्ने आपण कटाक्षाने टाळत असलात तरी त्यापलीकडे सगळे सगळ्यांचेच लागतात. (आमच्याकडे मामाची मुलगी करणारी घराणी आजही आहेत, तेव्हा या विषयावर मी आवाज चढवणार नाही.) परिणामी सुनेच्या यादीत शेकडो नावे ‘जवळचे चुलत’ म्हणून आली आणि प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक जण पाच वाटांनी सातव्या-आठव्या पिढीत जुळणारे निघाले. शिवाय चाचणी केलेले बहुतेक लोक मेनोनाइट या आपल्या जवळच्या पंथातले किंवा आपल्यातून बाहेर पडलेले. आपली माणसे नळीत थुंकून ती टपालाने पाठवत नाहीत, हे त्यांच्या बाजूने योग्यच आहे.

त्या यादीतल्या सर्वांत जवळच्या व्यक्तीशी सुनेचे बोलणे झाले. बाप्तिस्मा घेऊन नंतर पंथ सोडलेला माणूस, म्हणजे आपल्या दृष्टीने बहिष्कृत. आईकडे जेवायला गेला तर त्याला वेगळ्या मेजावर बसावे लागते. त्याला काहीतरी ठाऊक होते असे त्याच्या बोलण्यावरून वाटले. पण आईकडे जाण्याची उरलीसुरली वाट बंद होईल या भीतीने तो पुढे बोलला नाही. त्याला दोष देण्याचे आमच्या मनातही आले नाही.

आता ही विनंती बिशपांनाच का, ते सांगते. आम्हांला तिन्ही घरांचे पत्ते माहीत आहेत. उद्या तीन पाकिटे टाकली असती तर खरी बाई कदाचित त्यांतच सापडली असती. पण आपल्या घरांत टपाल स्वयंपाकघरातल्या मेजावर येऊन पडते, अनोळखी शहरी हस्ताक्षरातले पाकीट कोणाचे म्हणून सहा-सात मुले विचारतात, आणि ‘आपणच माझी आई आहात का’ अशा आशयाचे पत्र ज्या दोघींचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही त्यांच्या संसारात संशयाची ठिणगी टाकून जाते. तिसरीच्या नवऱ्याला ही गोष्ट लग्नाआधी सांगितली गेली होती की नाही, तेही आम्हांला ठाऊक नाही. १८९० पासून शुगरक्रीकहून निघणाऱ्या ‘द बजेट’ या साप्ताहिकात जाहिरात द्या, असा सल्लाही अनेकांनी दिला. ज्या पत्रात रविवारची प्रार्थना कोणाकडे झाली, कोणाला नातू झाला, कोण माळ्यावरून पडून हात मोडून बसला इथपर्यंतचा मजकूर गावोगावचे वार्ताहर पाठवतात आणि जे घरोघर शेवटच्या ओळीपर्यंत वाचले जाते, त्यात ही जाहिरात म्हणजे दवंडीच झाली असती. आम्ही ती दिली नाही, आणि या पत्रातही नाव-गाव नाही ते त्याचमुळे.

म्हणून आम्ही दारी आलो. ज्या परगण्याची शंका होती तिथल्या एका डीकनकडे, म्हणजे मंडळीतल्या बिशपांच्या मदतनिसाकडे, सून, माझा मुलगा आणि मी गेलो होतो. अंगणात बाकांची करडी गाडी उभी होती, कारण येत्या रविवारची प्रार्थना त्यांच्याकडे होती. दोन मुलगे बाके उतरवून घरात नेत होते आणि आत भिंतीवर पुरुषांच्या टोप्यांसाठी खुंट्यांची लांब ओळ आधीच रिकामी करून ठेवलेली होती. आमचे आगतस्वागत चांगले झाले. घरच्या बाईंनी ‘पाय’ हा गोड पदार्थ आणि कॉफी दिली, आणि सुनेपुढे बशी ठेवताना त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर जरा जास्तच रेंगाळली. मग त्या नवऱ्याशी डाइचमध्ये, म्हणजे आपल्या जर्मन बोलीत, काहीतरी बोलल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. डीकननी सगळे शांतपणे ऐकून घेतले. तुमच्या सुनेवर आमचा राग नाही, असे ते म्हणाले; ती गोष्ट त्या वेळी मंडळीपुढे आली होती, तिची माफी झाली, आणि माफ झालेली गोष्ट आम्ही पुन्हा उकरत नाही. पाकीट घेण्यास त्यांनी नम्रपणे नकार दिला.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणीच बोलले नाही, पण दोन गोष्टी स्पष्ट झाल्या होत्या. एक, त्यांना ती बाई कोण हे ठाऊक आहे. दुसरी, ते निर्दय नाहीत. ते एका तत्त्वाला धरून नाही म्हणाले. त्या तत्त्वाशीच मला बोलायचे आहे.

आपल्या रीतीप्रमाणे चूक झालेली सभासद मंडळीपुढे गुडघे टेकून कबुली देते, काही आठवडे दूर ठेवली जाते, मग तिला हात देऊन उठवले जाते, आणि त्यानंतर ती गोष्ट कोणी तिच्यापुढे काढायची नसते. जे काढतील त्यांचीच चूक धरली जाते. खरे सांगायचे तर हे मला आमच्याकडच्या रीतीपेक्षा पुष्कळ बरे वाटते. आमच्याकडे अशा मुलीला माफ कोणी करत नाही आणि विसरतही कोणी नाही. तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा ती गोष्ट कोपऱ्यातून डोके काढते. एकोणिसाव्या वर्षी त्या मुलीला आपल्या मंडळीने पुन्हा आपल्यात घेतले, तिचे लग्न झाले, घर झाले. त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि सुनेच्या मनात तर माझ्याहून अधिक आहे. ‘माझ्यामुळे तिला वाळीत टाकले नसेल ना’ हा तिचा पहिला प्रश्न होता.

परंतु माफी झाली ती एका कृत्याची. त्या कृत्यातून एक माणूस जन्माला आले, त्याने कोणती कबुली द्यायची होती? कृत्याविषयीचे मौन आपण त्या माणसालाही लागू केलेत, आणि ज्या दिवशी आईची सुटका झाली त्याच दिवशी लेकीचा उच्चार मना झाला. असे करायचे कोणी ठरवले असेल असे मला वाटत नाही. ते आपोआप घडले आणि नंतर तोच नियम समजला गेला.

आपल्याच इतिहासाच्या आधारे पाहिले तर हा नियम टिकत नाही, असे माझे नम्र मत आहे. १५२५ साली झुरिकमध्ये आपल्या पूर्वजांनी चर्चशी फारकत घेतली ती तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यावरून. ज्याला कळत नाही, जो वचन देऊ शकत नाही, त्याला धर्माच्या बंधनात घेता येत नाही, एवढ्या एका मुद्द्यासाठी त्यांच्यातल्या कित्येकांना नदीत बुडवून मारण्यात आले. पुढे १६९३ च्या सुमारास याकोब अमान यांनी आपला गट वेगळा काढला तेव्हा वादाचा एक मोठा मुद्दा मायडुंगचा, म्हणजे बहिष्कार किती कडक पाळावा याचा होता. पण तो बहिष्कार कोणावर, याविषयी तेव्हाही शंका नव्हती. समजून-उमजून बाप्तिस्मा घेऊन नंतर वचन मोडणाऱ्यावरच तो होता. आपली मुले सोळाव्या वर्षी रुमश्प्रिंगाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याआधीच्या मोकळिकीच्या, काळात शहरात जाऊन काय काय करतात ते आपण सहन करता, ते याच कारणाने. माझी सून आठवड्याचीही नव्हती तेव्हा समाजाबाहेर गेली. तिने कधी वचन दिले नाही, मोडले नाही. ती आपल्या कोणत्याही नियमाखाली बहिष्कृत नाही. तेव्हा तिचे पत्र वाचणारी बाई किंवा ते पोहोचवणारा डीकन कोणता ऑर्डनुंग मोडतो, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

मी हिंदू आहे आणि आपणांस बायबल सांगण्याचा अधिकार मला नाही. तरीही शिस्तीच्या प्रत्येक प्रश्नात आपण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय पुढे करता असे वाचले, म्हणून तो मुळातून वाचला. कोणाशी काही बोलायचे झाले तर आधी त्याच्याकडे एकट्याने जावे, दोघांतच बोलावे, मंडळीपुढे नेणे ही अगदी शेवटची पायरी, असे तिथे सांगितले आहे. आम्ही नेमकी त्यातली पहिली पायरी मागतो आहोत. मंडळीच्या सभेत, प्रभुभोजनाआधीच्या सल्लामसलतीत किंवा उपदेशकांच्या बैठकीत हा विषय निघू नये, अशीच आमची इच्छा आहे. एक वडीलधारी व्यक्ती, शक्यतो बाई, एक पाकीट आणि दोघींतले बोलणे.

येथे सावधगिरीची एक गोष्ट. उत्तर हो असो वा नाही, ते त्या बाईंचे असावे. त्यांच्या नवऱ्याचे, भावाचे किंवा आपले नसावे. ‘तिला हे नको असेल’ असे डीकननी आम्हांला सांगितले; ते कदाचित खरेही असेल, पण ते त्यांनी तिला विचारून सांगितले नव्हते.

अशा पत्रांत प्रकृतीचे कारण पुढे करावे, म्हणजे कोणाला नाही म्हणता येत नाही, असा सल्ला जाणकार देतात. तो मी अर्धाच मानला आहे. माझ्या नातवाच्या जन्मानंतर डॉक्टरांनी तीन पिढ्यांचा तक्ता भरायला सांगितला. मुलाच्या बाजूला आम्ही मधुमेहापासून दम्यापर्यंत ऐसपैस माहिती भरली आणि सुनेच्या बाजूला एकच शब्द लिहिला, ‘अज्ञात’. आपल्या समाजात काही आनुवंशिक आजार अधिक आढळतात हे आपणांस माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६४ मध्ये लँकेस्टरमधील एका दुर्मीळ खुजेपणाचा माग १७४४ मध्ये आलेल्या एका जोडप्यापर्यंत नेला, तो आपल्याच वंशावळींच्या मदतीने. १९८९ मध्ये स्ट्रासबर्गजवळ क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन सुरू झाले, त्याची इमारत आपल्या पुरुषांनी उभी केली आणि आजही गोधड्यांच्या लिलावांतून त्याचा खर्च बऱ्याच अंशी निघतो. म्हणजे मुलांच्या भल्यासाठी घराण्याची माहिती खुली करणे आपल्या धर्माविरुद्ध नाही, हे आपणच दाखवून दिले आहे.

पण प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्या नातवाला त्यांतल्या बहुतेक आजारांचा धोका नगण्य आहे. ते आजार दोन्ही पालकांकडून दोष आला तरच होतात आणि त्याचा बाप साताऱ्याच्या घराण्यातला. सुनेची स्वतःची गोष्ट थोडी निराळी. कोलेस्टेरॉल वाढवून हृदयाला घातक ठरणारा एक जनुकीय बदल लँकेस्टरच्या आमिशांत इतर अमेरिकनांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि तो एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. तो तिच्यात आहे का, हे साध्या तपासणीतही कळेल. तेव्हा औषधाच्या कारणाआड मी लपणार नाही. तिला आईला पाहायचे आहे. एवढे कारण पुरेसे नसेल तर मोठी कारणे रचून काय उपयोग?

तिला काय नको आहे, तेही स्पष्ट करते. शेतीत, घरात वाटा नको. छायाचित्र नको. वर्तमानपत्रात किंवा दूरचित्रवाणीवर ही गोष्ट जाणार नाही. आमिशांच्या ‘आतल्या’ गोष्टी दाखवणारे कार्यक्रम पाहून ती स्वतःच वैतागते. आपल्या मुलामुलींना बाहेर ओढण्याचा तिचा विचार नाही आणि स्वतः आत येण्याचाही नाही. तिला आईबापांची उणीव नाही. आमचे व्याही हयात नाहीत, पण विहीणबाई आहेत. दत्तकविधानाचा पिवळा पडलेला कागद त्यांनीच कपाटातून काढून तिच्या हाती दिला आणि मूळ दाखल्यासाठी अर्ज कर म्हणून तिच्या मागेही लागल्या. माहेरचे सगळे सणवार, रुसवेफुगवे, वाढदिवस तिने त्या घरात भोगले आहेत. त्यामुळे भुकेलेली कोणी दारी येत आहे, असे चित्र आपण मनात आणू नये.

भेट न झाली तरी चालेल, हेही तिने पाकिटातल्या पत्रात लिहिले आहे असे तिने मला सांगितले. पत्र मी वाचलेले नाही. जन्मदात्रीला संपर्क नको असेल तर तसे कळवण्याचा एक नमुना ओहायोच्या आरोग्य खात्याकडे आहे आणि घराण्याच्या आजारांची माहिती देण्याचाही आहे. दोन्ही कागद आम्ही पाकिटासोबत कोरे जोडले आहेत. ते जन्मदात्रीने भरले तर आमच्या दारावर थाप न मारता सगळे होऊन जाईल. तेही नको असेल तर गावच्या सुईणीने किंवा डॉक्टरने एका चिठ्ठीवर घराण्यात हृदयविकार आहे की नाही एवढे कळवले तरी पुरे.

दुसरी विनंती त्या बहिष्कृत माणसासारख्यांसाठी आणि त्याहून अधिक आतल्या माणसांसाठी आहे. कोणी मावशी, आजी किंवा सुईण पुढे येऊन सुनेशी चार शब्द बोलली, तर त्यासाठी तिला मंडळीपुढे उभे केले जाऊ नये. आपण तसे जाहीर करावे असे माझे म्हणणे नाही. आपल्यात जाहीर काही होतच नाही. घरच्या ओसरीवर आपण एकदा बोलून गेलात की ते तालुकाभर पोहोचते, तेवढे झाले तरी पुष्कळ.

माझे स्वतःचे लोक या बाबतीत फार पुढे आहेत असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्रातल्या अनाथाश्रमांतून परदेशी दत्तक गेलेली मुले आज मोठी होऊन पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत आपली फाइल मागत उभी असतात. अठरा वर्षांनंतर मुळांचा शोध घेण्याची सोय भारताच्या दत्तकविषयक नियमांत आहे, आईचा खासगीपणा सांभाळण्याची अटही आहे, आणि प्रत्यक्षात फाइल सापडत नाही हे उत्तर आहे. तिथेही एक बाई कुठेतरी संसार करत असते आणि तिला कोणी विचारलेले नसते. तेव्हा हे गाऱ्हाणे आपल्या एकट्याच्या दारात मांडण्याजोगे नाही. पण माझी सून आपल्याकडची आहे.

उत्तरासाठी इंग्रजी पत्रासोबत तिकीट लावलेले पाकीट आहे. त्यावर आमच्या वकिलांचा टपालपेटीचा क्रमांक आहे, सुनेचे नाव नाही, म्हणजे ते कोणाच्या हाती पडले तरी काही उघड होणार नाही. दूरध्वनीची गरज नाही. उत्तर जर्मनमध्ये किंवा डाइचमध्ये आले तरी वाचून घेण्याची सोय केली आहे. मुदत ठेवलेली नाही. सुगीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत हे पत्र हाती आले तर बाजूला ठेवून नंतर वाचावे.

उत्तर आले नाही, किंवा नकार आला, तरी त्या तीन घरांना आमच्याकडून पत्रे जाणार नाहीत, कोणत्याही साप्ताहिकात नाव छापले जाणार नाही आणि दाखल्याची प्रत कोणालाही दाखवली जाणार नाही. आपण होकार द्यावा म्हणून हे वचन देत नाही. सुनेने ते दाखला हाती आला त्याच दिवशी स्वतःपुरते ठरवले होते आणि आम्ही घरच्यांनी ते मान्य केले आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक सासू
उत्तर ओहायो